तीनशे बारा भागांची फटफटी

“ज्या समाजाला आपली यंत्रं आपल्या हातांनी चालू करता येतात, त्याच्या सीमा ठरवण्याची कोणाची छाती होणार नाही,” असं चिंतामणी विजयकर म्हणाला आणि त्याने गाडीखान्याच्या दाराची कडी जोरात ओढली. कडी हातात आली. दार होतं तिथेच राहिलं.

ही अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबई कोणाची, बेळगाव कोणाचं आणि डांग कोणाचं यावर तेव्हा गिरगावात प्रत्येकाला मत होतं. ज्याला नव्हतं तो घराबाहेर पडत नसे. त्यामुळे बंद दारासमोर उभा राहून सीमेवर बोलणाऱ्या माणसाचं कोणाला नवल वाटलं नाही. वाडीतले आम्ही अकरा जण त्याच्याभोवती होतो आणि आमच्यातल्या दोघांनी मानही डोलावली. दार शेवटी सुमतीवहिनींनी, म्हणजे चिंतामणीच्या बायकोने, उघडलं. ते ओढायचं नव्हतं, आत ढकलायचं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या ते ढकलत होत्या. चिंतामणीने मात्र ते गेल्या बारा वर्षांत उघडलं नव्हतं.

आत फटफटी होती. निदान चिंतामणीचं तसं म्हणणं होतं. विजयकरांच्या आजोबांची घोडागाडी जिथे राहायची, त्या खोलीच्या कोपऱ्यात एक हिरवट लोखंडी सांगाडा भिंतीला टेकला होता आणि त्याच्या हँडलवर कोणीतरी कांद्यांची माळ टांगली होती. लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल विकायला निघाला, तेव्हा चिंतामणी पाण्याची बाटली आणायला गेला होता. तो परत आला तो हातगाडीवर ही फटफटी घालून. बाटली राहिलीच. ही फटफटी रस्त्यासाठी केलेलीच नव्हती. रस्ता नसेल तिथून लष्कराचा निरोप न्यायचा, चिखलातून, ओढ्यातून, ब्रह्मदेशातल्या रानातून, यासाठी ती बनवलेली. म्हणून हँडल उंच, टायरांना बोटभर खाचा आणि दगड लागू नये म्हणून इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा. एवढा सगळा बंदोबस्त असून बारा वर्षांत तिने गाडीखान्याचा उंबरठा ओलांडला नव्हता.

आता ओलांडणं भाग होतं. वरच्या मजल्यावर राहणारा चिंतामणीचा चुलतभाऊ वीरेंद्र, याचा मोटारीसाठी लावलेला नंबर लागला होता. गाडी दसऱ्याला यायची होती आणि गाडी म्हटली की गाडीखाना आला. वीरेंद्र अतिशय सभ्य माणूस. समोरच्याला चीड येईल इतका सभ्य. त्याने भांडण केलं नाही, फक्त रामजी भंगारवाल्याला दसऱ्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता यायला सांगितलं आणि ते चिंतामणीला येऊन कळवलं. चिंतामणी म्हणाला की फटफटी चालू होणार आहे. वीरेंद्र म्हणाला की फारच छान. दसऱ्याला बाराच्या आत ती आपल्या पायाने, म्हणजे चाकाने, वाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली, तर गाडीखाना तिचा. मोटार मी रस्त्यावर ठेवीन. ढकलायचं मात्र नाही.

पंच म्हणून सुमतीवहिनींना नेमावं असंही त्यानेच सुचवलं. वहिनींनी पदराला हात पुसले.

“हार्मोनियम उघडलीत. तिच्या सात पट्ट्या अजून माझ्या पिठाच्या डब्यात आहेत,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “रेडिओ उघडलात, तो तेव्हापासून नुसता गुणगुणतो. शिवणयंत्राचं तर मी नावच काढत नाही. मला फटफटी नको आणि भाऊजींची मोटारही नको. तुम्ही हातात घेतलेलं एक काहीतरी शेवटापर्यंत गेलेलं बघायचं आहे. एकच.”

  हँडलवरची कांद्यांची माळ काढून चिंतामणीने वहिनींच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो लालबागला गेला.

लालबागला लवू परब राहत असे. परळच्या एका गिरणीत तो फिटर होता, मूळचा मालवणकडचा. दोघांची ओळख छप्पन्न सालच्या जानेवारीतली, पोलिसांच्या लॉरीत झालेली. लवू मोर्चात होता म्हणून पकडला गेला. चिंतामणी बोंबील आणायला निघाला होता, तो मोर्चाच्या बाजूने चालत होता म्हणून पकडला गेला. तेव्हा तो सचिवालयात हेडक्लार्क असल्यामुळे कचेरीत त्याने बोंबील सांगितले आणि वाडीत सत्याग्रह. तर ती लॉरी भर रस्त्यात बंद पडली. हवालदार खाली उतरून इंजिनाकडे बघत राहिले. लवूने थोडा वेळ वाट पाहिली, मग तो उतरला, बॉनेट उघडलं, काहीतरी फुंकलं, काहीतरी पिळलं, लॉरी चालू करून दिली आणि पुन्हा आपल्या जागेवर कैदी म्हणून येऊन बसला. चिंतामणीने विचारलं की पळून का नाही गेलास. लवू म्हणाला की पायी कोण जातलो.

हा माणूस चिंतामणीच्या मनात तेव्हाच बसला होता. आता लवू रविवारी आणि पाळी सुटल्यावर येऊ लागला. त्याने फटफटीला एक प्रदक्षिणा घातली, चाक फिरवून पाहिलं, टाकीला टिचकी मारून कान लावला. दसरा? असं त्याने विचारलं. दसरा, असं चिंतामणी म्हणाला. लवूने शर्ट काढून खुंटीला लावला.

दोघांची काम करायची पद्धत जुळणं शक्य नव्हतं. लवू यंत्र खोलायचा आणि भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने गोणपाटावर मांडायचा. निवृत्त होईपर्यंत चिंतामणीची पस्तीस वर्षं सचिवालयाच्या दप्तरखान्यात गेली होती. त्याने प्रत्येक भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी लाल फितीने बांधली, चिठ्ठीवर आवक क्रमांक घातला आणि एका वहीत तो कोठून निघाला, कोणत्या तारखेला निघाला आणि निघताना त्याची प्रकृती कशी होती हे लिहिलं. एकूण भाग भरले तीनशे बारा. पिस्टन एकशे सातवा. त्याच्या शेऱ्यात ‘चिकटलेला, पण इच्छा दिसते’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

“ह्येका नंबर कित्याक?” लवूने एकदा एक नट उचलून विचारलं.

“उद्या हरवला तर?”

“नट असा तो. तेका वारस लागणत नाय.”

पण लवूने फिती सोडल्या नाहीत, आणि चिंतामणीनेही हळूहळू अंगठ्याने नटाचा आटा ओळखायला सुरुवात केली. त्याचं कारण असं की वही एका हातात धरून पाना चालत नाही. जूनमध्ये मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो तेव्हा मला पुस्तिका वाचून दाखवायचं काम होतं. फटफटीबरोबर आलेली लष्कराची इंग्रजी पुस्तिका. तिच्यातलं पहिलंच वाक्य असं होतं की शत्रू जवळ असताना दुरुस्ती करू नये. चिंतामणीने वर, वीरेंद्रच्या गॅलरीकडे पाहिलं आणि मला पुढे वाच म्हणून सांगितलं.

क्लचच्या चकत्यांमध्ये बुचाचे तुकडे बसवलेले असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते कुजून भुगा झाले होते. मग वाडीत निरोप गेला आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची बुचं येऊ लागली. राधाकाकूंच्या खोकल्याची, अंबिकेच्या काढ्याची, माझ्या पोटाची. लवूने ती कापून, घासून बसवली. त्यामुळे गाडीखान्यात ओव्याचा वास येई. पिस्टनच्या कड्या लवूने कुठून करून आणल्या ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. टायर चोरबाजारात मिळाले. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाला तेल गळू नये म्हणून जाड कागदाचं गॅस्केट लागत होतं, ते चिंतामणीने घरी उरलेल्या सरकारी फाइलीच्या पाठीचं कापलं. झाकण बसवल्यावर त्याच्या कडेने ‘कॉन्फिडेन्शियल’ या शिक्क्याची शेवटची तीन अक्षरं बाहेर डोकावत होती.

श्रावणात चिंतामणीचा डावा अंगठा चेनमध्ये सापडून नख गेलं. वहिनींनी पट्टी बांधताना विचारलं की आता पुरे का. तो म्हणाला की एकशे नव्वद बसले आहेत. गणपतीत वाडीच्या मंडळाने आरास म्हणून महाराष्ट्राचा नकाशा केला होता, त्याला लागणारे दिवे जोडायला त्याला बोलावलं, तर तो गेला नाही. हे वाडीच्या इतिहासात प्रथमच घडलं, आणि दिवेही त्या वर्षी प्रथमच लागले. नवरात्र बसलं तेव्हा वहीत तीनशे अकरा नावांपुढे बरोबरची खूण होती. राहिला होता एक कार्बुरेटर, पेट्रोल आणि हवा यांची गाठ घालून देणारा मुठीएवढा भाग. तो उजळून, चिठ्ठी बांधून तयार होता. नवमीला दुपारी लवूने येऊन बसवायचा आणि दसऱ्याला सकाळी किक मारायची असं ठरलं.

लवू नवमीला आला, पण गिरणीतून आला. खंडेनवमीला गिरणीत यंत्रं थांबवतात, धुतात, हार घालतात, नारळ फोडतात, आणि नंतर दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत फिटर पान्याला हात लावत नाही. लवू हे सांगायला लागायच्या आतच सुमतीवहिनींनी घरातली सगळी शस्त्रं देवापुढे मांडली होती: विळी, अडकित्ता, सुऱ्या, लवूचे सगळे पाने, पकड, हातोडी. चिंतामणीला राहवलं नाही. सगळ्यांची पूजा होते आणि तीनशे बारावा तसाच राहतो हे त्याला अन्याय्य वाटलं. त्याने कार्बुरेटर आणून मधोमध, पाटावर, तोंड वर करून ठेवला. वहिनींनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. चौकशी झाली असती तर मला हे लपवता आलं नसतं.

दसऱ्याला सकाळी आठ वाजता पूजा उतरवली. वहिनींनी कार्बुरेटर पुसून दिला, लवूने तो बसवला आणि चिंतामणीने वहीत शेवटची खूण केली. नऊला पेट्रोल घातलं. साडेनऊला वाडी जमली. गॅलऱ्या भरल्या. दहाला रामजी हातगाडी घेऊन आला आणि सावलीला टेकला. वीरेंद्र धोतर, कोट आणि खिशातलं घड्याळ असा खाली आला. तो सगळ्यांना सारखंच हसला.

लवूने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. दहा झाल्या, वीस झाल्या. पंचविसाव्या किकला इंजिनाने एक खोकला काढला आणि किकचा दांडा उलटा येऊन लवूच्या नडगीवर बसला. तो ओट्यावर जाऊन बसला आणि पाय चोळू लागला. मग चिंतामणी चढला. त्याने किती मारल्या ते मोजणं सभ्यपणाचं नव्हतं. वरून कोणीतरी “फटफटी सुरू झालीच पाहिजे” अशी घोषणा दिली आणि सगळ्या गॅलऱ्यांनी ती उचलली. या घोषणेचा त्या काळी सरकारवरही ताबडतोब परिणाम होत नसे. फटफटी तर लोखंडाची.

साडेअकरा झाले. रामजी उठून हातगाडी जरा जवळ घेऊन आला. वहिनी गाडीखान्याच्या दारात उभ्या होत्या आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या. सदरा पाठीला चिकटला होता.

लवूने बसल्या बसल्या प्लग काढून मागितला. चिंतामणीने काढून दिला. लवूने तो बोटाने चाचपला, नाकाला लावला.

“कोरडो,” तो म्हणाला. “ठिणगी असा. टाकी भरलेली असा. मधी कायतरी अडाकला.” मग त्याने मान वर केली. “वैनी, काल ह्येच्यार काय काय घातलास?”

“हळद, कुंकू, फूल,” वहिनी म्हणाल्या. “आणि अक्षता.”

“आणि सकाळी पुसलास ता बाहेरसून?”

“बाहेरून. आतलं राहू दे, प्रसाद आहे, असं हेच म्हणाले.”

सगळ्यांनी चिंतामणीकडे पाहिलं.  आता या ठिकाणी तो काहीतरी बोलेल अशी माझी खात्री होती. अक्षता अकरा जणांनी टाकल्या होत्या, वाटून घ्यायला पुष्कळ होतं. पण तो गुडघे टेकून फटफटीशेजारी बसला. लवू उठायला लागला तर त्याने हाताने थांबवलं.

“मी घातलं, मी काढतो,” तो म्हणाला.

त्याचा हात सवयीने वहीकडे गेला.

“कागद नको, चिंतामणराव,” लवू ओट्यावरून म्हणाला. “हात सांगतलो.”

वही जिथे होती तिथे राहिली. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो, पण वीरेंद्रने सभ्यपणे ते माझ्यासमोर धरलं: बाराला एकोणीस मिनिटं. चिंतामणीने कार्बुरेटर उतरवला, खालची वाटी काढली, आतला पितळी जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक नळी, पिळून बाहेर घेतला. नख नसलेल्या अंगठ्याने तो हे सगळं करत होता आणि एकदाही थांबला नाही. जेट त्याने उजेडात धरला. आरपार दिसायला हवं होतं, दिसत नव्हतं. भोकाच्या तोंडावर बूच मारावं तसा तांदळाचा एक दाणा बसला होता, कुंकवाने लाल झालेला. तुकडा असता तर केव्हाच निसटून गेला असता. पण सुमतीवहिनी अक्षतांना तुकडा तांदूळ कधी वापरत नसत.

पाना मोठा, तार जाड, काडी मोडली. चिंतामणीने वर न बघता हात पुढे केला. वहिनींनी डोक्यातला आकडा काढून त्या हातावर ठेवला.

दाणा निघाला. तो त्याने खिशात टाकला, फेकला नाही. जेट बसला, वाटी बसली, सगळं जागेवर गेलं आणि एक स्क्रू हातात उरला. चिंतामणीने त्या स्क्रूकडे पाहिलं. लवूने त्या स्क्रूकडे पाहिलं. वीरेंद्रच्या घड्याळात आठ मिनिटं उरली होती. चिंतामणीने स्क्रू दाण्याशेजारी खिशात टाकला.

तिसऱ्या किकला फटफटी चालू झाली.

तो आवाज मी इथे लिहून दाखवू शकत नाही. राधाकाकूंच्या फळीवरची दोन पितळी भांडी खाली आली एवढं सांगतो, आणि वाडीभर ओव्याचा वास पसरला. चिंतामणी बसला आणि निघाला. तो निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की पाच महिन्यांत आम्ही सगळा विचार केला होता, पण याला फटफटी चालवता येते का हे कोणी विचारलं नव्हतं. त्याला सायकल येत होती.

वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर कोणीतरी काहीतरी पुरण्यासाठी महिनाभरापूर्वी लांब चर खणून ठेवला होता. तिथे वळायचं होतं. पण वळायचं कसं हे ठरायच्या आतच चर आला. चिंतामणी चरात गेला. आम्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पलीकडच्या मातीच्या ढिगाऱ्यावरून चढून जात होता, मागचं चाक चिखल उडवत होतं आणि पोटाखालच्या पत्र्याचा खणखणाट येत होता. ब्रह्मदेशात जे करून दाखवायचं राहिलं होतं ते त्या फटफटीने ठाकुरद्वारच्या बाजूला करून दाखवलं. मग ती कोपऱ्यावरून वळली आणि आवाज हळूहळू नाहीसा झाला.

 वीरेंद्र घड्याळ धरून उभा. पाच मिनिटं. चार. सुमतीवहिनी दारातच होत्या, एक हात डोक्याला मागून लावून. त्यांना काय वाटत असेल ते मला त्या हातावरूनच कळलं असं मी समजलो आणि त्यांना धीर देणारं काहीतरी बोललो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

तीन मिनिटं असताना आवाज आला. लवू नडगी विसरून उभा राहिला. चिंतामणी दुसऱ्या बाजूने आला, पहिल्याच गिअरमध्ये, कारण दुसरा कुठे असतो ते पुस्तिकेच्या पुढच्या पानावर होतं. पुन्हा त्याच चरात उतरला, पुन्हा चढला आणि चिखलाने माखून वाडीत शिरला. गळ्यात झेंडूचा हार होता. तो कोणी घातला ते त्यालाही माहीत नव्हतं. गाडीखान्याच्या दाराला पुढचं चाक लागलं तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती.

वीरेंद्रने घड्याळ मिटलं. खिशातून आपट्याचं पान काढलं, चिंतामणीच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. सभ्य माणसाला हरणंही बरं जमतं. रामजी रिकामी हातगाडी वळवून निघून गेला. जाताना त्याने फटफटीला हात लावून कपाळाला लावला.

इंजिन चालूच होतं. बंद केलं तर पुन्हा होईल की नाही याची खात्री नसल्यामुळे ते बंद करायला कोणी तयार नव्हतं. त्या आवाजात चिंतामणी खाली उतरला.  त्याने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, गॅलऱ्यांकडे पाहिलं, आणि हात वर केला.

“आज आपण सीमा ओलांडली आहे,” तो ओरडून म्हणाला. “आज ठाकुरद्वार. उद्या घाट. आणि पुढच्या दसऱ्याला, मित्रहो, याच फटफटीवरून बेळगाव...”

सुमतीवहिनी गर्दीतून पुढे आल्या. एक हात अजून डोक्यामागेच होता. चिंतामणी थांबला. त्यांनी फटफटीकडे एकदा नीट पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि दुसरा हात पुढे केला.

“बेळगावला खुशाल जा,” त्या म्हणाल्या. “पण तेवढा माझा आकडा द्या आधी. मघापासून अंबाडा धरून उभी आहे, हात भरून आला.”